फाईल सोडा की, ताई

लातूरच्या आमच्या ऑफिसात माझी खुर्ची कुणालाच नको होती. खिडकीतून थेट अंगावर ऊन, डोक्यावर नुसता करकरणारा पंखा आणि बाजूला साहेबांचं दार. साहेब बेल वाजवत नसत, आतून हाक मारत. त्या हाकेच्या भीतीनं बाकीचे लांब बसायचे. मला मात्र तीच खुर्ची हवी होती. दुष्काळाच्या त्या वर्षी टँकरचं काम माझ्याकडं आलं आणि त्या हाकेची मला चटकच लागली. "मॅडम, आज किती गावं?" असं साहेबांनी आतून विचारायचं आणि मी कॉम्प्युटरच्या पडद्याकडं न बघता आकडा सांगायचा. भरल्या ऑफिसात असं उत्तर देताना माझी मान आपसूक ताठ व्हायची.

काम तसं सरळ होतं. प्रत्येक तालुक्याच्या ऑफिसात एक कॉम्प्युटर आणि त्यात एक फाईल. कुठल्या गावाला टँकर, किती खेपा, कुणाची विहीर ताब्यात घेतली, हे तालुक्याच्या माणसानं त्यात भरायचं. ते सगळे कॉम्प्युटर सरकारी नेटवर्कनं लातूरला जोडलेले होते, पण त्यांचं दार उघडायचं फक्त माझ्या लॉगिनला. प्रत्येक तालुक्याला मी इंग्रजीतलं एकेक अक्षर देऊन ठेवलं होतं. उदगीरला यू, निलंग्याला एन, जळकोटला जे. सकाळी पासवर्ड टाकला की ही अक्षरं माझ्या पडद्यावर ओळीनं उभी राहायची. मग एकेक अक्षर उघडायचं, आकडे उचलायचे, माझ्या मोठ्या तक्त्यात टाकायचे. तक्ता झाला की साहेबांची सही, आणि सही झाली की टँकर निघायचे.

यात एक गोम होती. मी फाईल उघडून बसले की तालुक्याच्या माणसाला तिच्यात काही भरता यायचं नाही. त्याच्या पडद्यावर चौकट यायची, की ही फाईल सध्या दुसरं कुणी वापरत आहे, आणि खाली त्या माणसाचं नाव. नाव अर्थातच माझं. उदगीरच्या ऑपरेटरचा तर रोजचा फोन ठरलेला.

"ताई, फाईल सोडा की. तुमचंच नाव येऊन राहिलंय."

"सोडते की. पळून चालले का तुमचं उदगीर घेऊन?"

खोटं कशाला बोलू, त्या फोनची मला गोडी होती. रोज सकाळी जिल्हाभर पडद्यापडद्यावर आपलं नाव उमटतं, हे सुख काही लहान नाही. तरी कुणाची अडचण नको म्हणून मी सगळ्यांच्या आधी ऑफिस गाठायचे. पहाटे आमच्या गल्लीत टँकर यायचा, पिपं भरायची, पोळ्या लाटायच्या आणि निघायचं. तालुक्यातली बहुतेक माणसं खुर्चीत टेकेपर्यंत माझं बरंचसं काम उरकलेलं असायचं.

मुलगी तेव्हा बारावीला होती. लातुरात बारावीचं पोर घरात असलं की पाहुणासुद्धा दारात चप्पल हळू काढतो. नवरा खाजगी शाळेत मास्तर. त्याची शाळा, तिचे क्लास, माझं ऑफिस आणि पाण्याची पिपं, अशी सगळी घडी बसलेली होती. तिच्यातली एक बाजू हलली तरी सगळं कोसळेल, अशी मला धास्ती होती. आणि ते हलवायला उदगीर टपलेलंच होतं.

उदगीर वेगळा जिल्हा होणार, ही आवई आम्हाला नवी नव्हती. लातूरही असंच एके काळी उस्मानाबादेतून वेगळं निघालेलं. माझे वडील त्या नव्या जिल्ह्यात शिपाई म्हणून आले होते. "जिल्ह्याची पहिली सतरंजी मी झटकली," हे ते मरेपर्यंत अभिमानानं सांगत. त्या उन्हाळ्यात उदगीरच्या आवईला जोर आला. जिल्हा होईल तेव्हा होईल, पण तिकडं टंचाईच्या कामाचं वेगळं ऑफिस उघडायचं ठरलं आणि आमच्यातलं एक माणूस तिथं पाठवायचं होतं. कोण जाणार, असं कुणीतरी विचारलं, तेव्हा साहेब म्हणाले, "ज्याच्यावाचून इथं अडत नाही, तो."

मी घरी येऊन सांगून टाकलं, की माझी काळजी नाही. माझ्यावाचून पदोपदी अडतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत ती आली. कंत्राटावरची ऑपरेटर, गाव भोकर, शिक्षण नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात. अंगानं किरकोळ, केस आखूड कापलेले, पाठीवर भली मोठी सॅक. आल्या आल्या माझ्यापाशी येऊन "जय भीम, ताई" म्हणाली. मीही "जय भीम" म्हटलं आणि तिच्यासाठी शेजारचं टेबल पुसून दिलं. आपल्यातली शिकलेली पोर ऑफिसात आली, याचा पहिल्या दिवशी मला मनापासून आनंद झाला होता. तो दिवस लवकरच गेला.

सोमवारी नांदेडहून येताना ती बसमधून पाण्याचा कॅन आणायची. आमच्या बोअरच्या खाऱ्या पाण्याचा चहा पिऊन सगळ्यांची तोंडं वाकडी झालेली. तिच्या पाण्याचा चहा झाला त्या दिवशी साहेबांनी कप पुन्हा भरून मागितला. "लई दिवसांनी चहा प्यालो," असं शिपाईसुद्धा म्हणाला. इतकी वर्षं मी या लोकांना साखर-पत्ती पुरवली, त्याबद्दल कुणी कधी ब्र काढला नव्हता.

एका सकाळी ती लवकर आली आणि माझ्या मागं उभी राहून बघत बसली. मी यू उघडला, आकडे उचलले, टाकले. एन उघडला, उचलले, टाकले.

"ताई, तुम्ही हे रोज हातानं करून राहिल्या?"

"मग काय पायानं करू?"

ती हसली. तिला माझा राग येत नसे, हा तिचा आणखी एक दुर्गुण. "ह्याची स्क्रिप्ट करता येती. मी करू का?" म्हणाली.

स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला एकदाच लिहून द्यायचं, की आधी हे कर, मग ते कर, आणि मला पुन्हा विचारू नकोस. आठवडा गेला नसेल, तिनं ती लिहून माझ्याच कॉम्प्युटरवर बसवली, कारण तालुक्यांची दारं माझ्या लॉगिनलाच उघडत होती. सकाळची ठरलेली वेळ झाली की स्क्रिप्ट स्वतःच यू उघडायची, एन उघडायची, आकडे आणायची, तक्ता भरायची. पहिल्या दिवशी साहेब दारात येऊन उभे राहिले. माझ्या पडद्यावर रकाने भराभर भरत होते आणि माझे हात मांडीवर होते.

"आपोआप!" साहेब म्हणाले. मग सगळ्यांना बोलावून त्यांनी पुन्हा दाखवायला लावलं. "बघा, आपोआप!"

या शब्दानं माझा जीव जाळला. माझ्या सगळ्या सकाळी, माझे फोन, मी लावलेली अक्षरं, सगळं त्या एका शब्दाखाली गेलं. दुसऱ्या दिवशी आतून हाक आली, "बेटा, आज किती गावं?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. हाक मला नव्हती. मला ते कायम मॅडम म्हणत आले, बेटा कधी नाही. तिनंही बिनदिक्कत आकडा सांगितला, आणि तोही पडद्याकडं न बघता.

मला तिचा हेवा वाटायला लागला. साधासुधा नाही, जेवताना घास फिरवणारा. तिची बोटं की-बोर्डवर न बघता चालायची, त्याचा. तिच्या आखूड केसांचा, जे विंचरायला तिला वेळ लागत नसे. तिला घरी कुणाची पिपं भरायची नव्हती, त्याचा. तिच्या सॅकचासुद्धा. घरी मी तिला नुसतं 'भोकर' म्हणायचे. नवरा संध्याकाळी चहा ढवळत विचारायचा, "काय, आज भोकरनं काय केलं?" मी भांडी आपटायचे.

"अगं, आपलीच पोरगी पुढं जाऊन राहिली. आनंद मान की," तो एकदा म्हणाला.

"आपलीच आहे म्हणून तर," मी म्हणाले. बाहेरच्या कुणी हे केलं असतं तर चार शिव्या घालून मोकळी झाले असते. आपल्या पोरीला शिव्याही घालता येईनात आणि कौतुकही घशाबाहेर पडेना.

आता लवकर जायचं काही कारण उरलं नव्हतं. तरी मी जातच राहिले. पिपं भरून, पोळ्या लाटून, सगळ्यांच्या आधी. कशाला, तर ती स्क्रिप्ट आज तरी बंद पडते का, हे बघायला. कुलूप काढायचं, पंखा लावायचा, पासवर्ड टाकायचा आणि हाताची घडी घालून समोर बसायचं. अक्षरं ओळीनं उभी राहायची. वेळ झाली की यू उघडायचा. मेलं एकदाही अडखळलं नाही. लाईट जाऊन आली तरी नाही. तक्ता पुरा झाला की मी उठून चहा टाकायचे आणि थोड्या वेळानं ती यायची, सॅक उतरवायची, "चाललं ना, ताई?" विचारायची. "न चालायला काय झालंय," मी म्हणायचे.

मग साहेबांनी एकदा मला आत बोलावलं. "मॅडम, तुम्हाला आता बरीच मोकळीक झाली," ते म्हणाले. "उदगीरला अनुभवी माणूस लागणार आहे." मी मुलीच्या बारावीचं सांगितलं. ते म्हणाले, "बघू." ऑफिसात 'बघू'चा अर्थ काय होतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं. बाहेर आले तर भोकर माझ्यासाठी चहा धरून उभी होती, तिच्या नांदेडच्या पाण्याचा. मी घेतला. चांगला होता, हेच वाईट.

त्याच दिवसांत नांदेडला भाचीचं लग्न निघालं. रजा टाकून गेले, पण अर्धा जीव ऑफिसात होता. रोज संध्याकाळी निघताना मी कॉम्प्युटर चालूच ठेवते, पण लॉग ऑफ करते. माझ्या लॉगिनवर दुसऱ्या कुणी बसलेलं मला खपत नाही. तसंच त्याही संध्याकाळी करून निघाले होते.

सकाळचं लग्न. मंडपात वंदना सुरू झाली होती, सगळे हात जोडून उभे, आणि माझ्या पर्समध्ये फोन थरथरायला लागला. बघते तर भोकर. एकदा कापला, दोनदा कापला. तिसऱ्यांदा बाहेर आले.

"ताई, ते चालंना."

"काय चालंना?"

"स्क्रिप्ट. यू सापडत न्हाई म्हणतंय. एन बी सापडत न्हाई. तक्ता सगळा कोरा हाय. साहेब सहीसाठी थांबलेत, टँकरवाले खाली उभे हायत." ती एका दमात सांगत होती. "मी काहीच बदललं न्हाई, ताई. कालपर्यंत तर बराबर चालत होतं."

मांडवाच्या कडेला मी एकटी उभी होते, आणि मला जे वाटलं ते सांगते. गार वाटलं. त्या उन्हाळ्यात इतकं गार मला कशानंच वाटलं नव्हतं.

"मग मी काय करू इथून?" मी म्हणाले.

"ताई, तुम्ही सकाळी येऊन काय काय करता?"

"काय करणार? कुलूप काढते. पंखा लावते. पासवर्ड टाकते आणि बसते."

पलीकडं की-बोर्डची खटखट थांबली.

"तुम्ही पासवर्ड टाकता," ती हळूच म्हणाली. "रोज? त्या वेळेच्या आधी?"

"रोज. पिपं भरून येते मी."

"ताई, ती अक्षरं तुमच्या नावावर हायत. तुम्ही लॉगिन केलं तरच ती जाग्यावर येतात. तुम्ही आल्या न्हाई तर स्क्रिप्टला यू म्हणजे काय तेच कळत न्हाई. इतके दिवस ते आपोआप चालतच नव्हतं. तुम्ही येत होत्या म्हणून चालत होतं."

मी तिला तेच पुन्हा म्हणायला लावलं. ऐकू येत नाही, असं सांगितलं. ते बंद पडावं म्हणून मी रोज पहाटे जात होते, आणि मी जात होते म्हणून ते चालत होतं. याचा राग यायला हवा होता, पण त्या क्षणी मी मंडपातल्या नवरीपेक्षा खूश होते. माझ्यावाचून अडलं होतं. टँकर खाली उभे होते, साहेब पेन उघडून बसले होते, आणि सगळं माझ्यासाठी थांबलं होतं.

"ह्याला उपाय हाय," ती म्हणाली. "अक्षरं काढून टाकते आणि प्रत्येक कॉम्प्युटरचा पुरा पत्ता लिहिते. पण दार उघडायला तुमचंच लॉगिन लागल. स्क्रिप्टमधी तुमचं नाव आणि पासवर्ड टाकू का? नवं लॉगिन मागायचं तर वरून यायला लई दिवस जातील. साहेबास्नी विचारलं, ते म्हणले मॅडमला विचार."

साहेब म्हणाले मॅडमला विचार. यातच सगळं आलं. खरं तर आमच्या ऑफिसात एकमेकांचा पासवर्ड ठाऊक असणं काही विशेष नव्हतं. कुणी रजेवर गेलं की शेजारचा त्याच्या लॉगिननं बिलं काढायचा. जपत होते ती मी एकटीच. त्या दिवशी मात्र आत वाजंत्री सुरू झाली होती, म्हणून मी माझा पासवर्ड मोठ्यानं, एकेक अक्षर सोडवून सांगितला. बाहेर उभ्या असलेल्या व्याह्यांनीसुद्धा ऐकला असेल. ऐकू दे, म्हटलं. थोड्या वेळानं तिचा मेसेज आला, की चाललं, टँकर निघाले. मी पंगतीत बसले आणि कुणी आग्रह न करताच जिलेबी वाढून घेतली.

परत आले ती साहेबांच्या हाकेची वाट बघतच. हाक आलीही, आणि मॅडम अशीच आली. भोकरनं सगळं खरं सांगितलं होतं. मी येऊन लॉगिन केल्याशिवाय ते चालत नव्हतं, हे तिनं साहेबांना माझ्या देखत पुन्हा सांगितलं. साहेबांनी मान डोलावली.

"मॅडम, तुम्ही लग्नातून मदत केलीत, फार बरं झालं," ते म्हणाले. "एक मोठी अडचण कायमची गेली. आता तुम्ही नसलात तरी चालतंय."

उदगीरचा आदेश टेबलावरच होता.

भोकर दारापर्यंत आली. तिचे डोळे भरले होते. "ताई, मी साहेबास्नी म्हणले, मला पाठवा. ते म्हणले, तू गेलीस तर स्क्रिप्ट कोण बघंल." मग ओढणीनं नाक पुसून म्हणाली, "पासवर्ड तेवढा बदलू नका, ताई. न्हाईतर सगळं अडतंय." तिनं उदगीरला जायची तयारी दाखवली होती, हे ऐकून माझा हेवा कमी व्हायला हवा होता. उलट वाढला. हाही मोठेपणा तिच्याच वाट्याला.

मुलगी आणि नवरा लातुरात राहिले, पिपं त्याच्यावर आली. मी उदगीरला एक खोली घेतली. ऑफिस आडत बाजाराच्या मागं होतं, खिडकीतून हमालांचं मराठी आणि कानडी मिसळून ऐकू यायचं. रोज फोन करणारा तो ऑपरेटर आता माझ्या शेजारी बसत होता. चांगला जाडजूड माणूस निघाला. "ताई, तुम्ही इकडं आल्या. आता फाईल सोडा म्हणून मी भांडू कुणाशी?" असं त्यानं पहिल्याच दिवशी विचारलं.

सवयीनं मी तिथंही लवकर जायचे. एका सकाळी पाझर तलावाकाठच्या एका वस्तीचा निरोप आला, की विहिरीनं तळ गाठलाय, आजच एक खेप वाढवा. मी फाईल उघडली आणि आकडा बदलायला गेले. पडद्यावर चौकट आली. ही फाईल सध्या दुसरं कुणी वापरत आहे. आणि खाली नाव.

ऑपरेटरनं वाकून बघितलं आणि टेबलावर थाप मारली. "ताई! तुमचंच नाव येऊन राहिलंय!"

मी बघत बसले. इतके दिवस दुसऱ्यांच्या पडद्यावर दिसणारं माझं नाव मी स्वतः कधी बघितलं नव्हतं. ते लातूरला होतं, त्या स्क्रिप्टच्या हाती. खिडकीच्या उन्हाजवळ, साहेबांच्या दाराशेजारी, माझ्या लेकीपासून दोन गल्ल्यांवर. पासवर्ड बदलला असता तर तिथून ते हलवता आलं असतं. माझं बोट तिथवर जाऊन आलं. पण त्या तक्त्यावर टँकर निघायचे होते, वस्तीचाही त्यातच.

मी भोकरला फोन लावला. ती बसस्टँडवर होती, मागं कंडक्टरचा आवाज.

"फाईल सोड की गं," मी म्हणाले. "खेप वाढवायचीय."

"ताई, मी अजून ऑफिसला पोचलेच न्हाई. कुलूप बी उघडलं नसंल कुणी."

"मग माझ्या खुर्चीत बसलंय कोण?"

चेष्टा करायचा तिचा स्वभाव नव्हता.

"तुम्हीच की, ताई."

मी फोन ठेवला आणि मी फाईल सोडायची वाट बघत बसले.